पॉपच्या हातचं कपाट

मर्विनने अंगठा चाटला आणि ती थुंकी फळीवर चोळली.

"ओलं केलं की लाकडाचा खरा रंग कळतो, पोरी. बघ."

रोवीनाने बघितलं आणि तोंड फिरवलं. याच फळीवर उद्या तिच्या चांगल्या बशा राहणार होत्या.

म्हातारा तिचा सासरा. नातवंडांमुळे सगळेच त्याला पॉप म्हणत. जन्मभर इथे ऑस्ट्रेलियात, इप्सविचमध्ये बस चालवली आणि सत्तराव्या वर्षी व्हिडिओ बघून सुतारकी शिकला. राहायचा निवृत्तांच्या वसाहतीत, तिथे करवत चालवायला बंदी. म्हणून आठ महिने मुलाच्या गॅरेजमध्ये ठाण मांडून बसला होता. जेवणाच्या खोलीसाठी साइडबोर्ड करत होता, बशा-पेले ठेवायचं लांब, बुटकं कपाट. हातभर लाकूड, दहा हात ढलपी. भुसा चहात, भुसा लोण्यात, भुसा अंथरुणात. आणि फळ्या कुठल्या, तर कुणीतरी पाडलेल्या गोठ्याच्या. जरा दमट हवा पडली की साठ वर्षांचं गोमूत्र त्यातून बोलायला लागायचं.

शेवटी एकदाचं ते चौघांनी उचलून आत आणलं. कप्पे गुडघ्याने ढकलल्याशिवाय बंद होत नव्हते. वॉर्निशचे ओघळ शेंबडासारखे सुकले होते आणि त्यात पॉपच्या दाढीचा एक पांढरा केस कायमचा चिकटला होता.

दर रविवारी जेवण झालं की पॉप त्यावरून हात फिरवायचा. "शंभर वर्षं हलणार नाही."

"हलवा ना कुणीतरी," रोवीना नवऱ्याला स्वयंपाकघरात म्हणायची. "मला त्या खोलीत घास गिळवत नाही, स्कॉट."

"म्हातारा खूश आहे ना? झालं तर मग."

"तुझं नाक बारा महिने चोंदलेलं. मला वास येतो."

मार्चमध्ये त्यांनी समुद्राकाठी घर घेतलं. हे जुनं घर लिलावात विकलं गेलं तरच ते पेलणार होतं, नाहीतर दोन्ही हातची जाणार. घरं विकून देणारा डेमियन बघायला आला, जेवणाच्या खोलीच्या दारातच थबकला आणि त्याने रुमाल काढला.

"घर छान आहे. पण ते प्रकरण आधी बाहेर काढा. गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल."

त्याच गुरुवारी नगरपालिकेची गाडी मोठा कचरा उचलायला यायची होती. रोवीनाने शेजारच्या तिघांना हाताशी धरून कपाट रस्त्याकडेच्या गवतावर नेऊन ठेवलं. गाडीच्या जबड्यात ते कडाकड मोडलं. तिने तीनदा हात धुतले, व्हिनेगरने जमीन पुसली, आणि कपाट आल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा पोटभर जेवली.

रविवारी पॉप आला आणि रिकाम्या भिंतीसमोर उभा राहिला.

"सांगायला वाईट वाटतं, पॉप," रोवीना म्हणाली. "त्याला वाळवी लागली होती. टाकून द्यावं लागलं."

पॉप खुर्चीत बसला. स्कॉटने मान खाली घालून बटाटे चिवडले.

"माझ्या फळ्यांतून? आणि मला दिसली नाही?" त्याने आपले हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, "नव्या घरासाठी दुसरं करून देतो तुम्हाला. गोठ्यातल्या अजून बऱ्याच फळ्या पडल्यात."

रोवीनाने काटा खाली ठेवला. हा माणूस पुन्हा आठ महिने थुंकी चोळत बसणार.

"नको," ती म्हणाली. "तुम्हाला सांगणार नव्हते. पण वाळवी कपाटावरच थांबली नाही. खालच्या जमिनीत शिरली, खांबांत शिरली. घर आतून पोखरलंय."

पॉप रडला. टेबलक्लॉथच्या टोकाला नाक पुसलं त्याने. रोवीनाला त्याची किळस आली आणि क्षणभर स्वतःचीही. पण क्षणभरच. सुंठीवाचून खोकला गेला होता.

शनिवारी घरासमोरच्या हिरवळीवर लिलाव भरला. तीसेक माणसं जमली. दोन तरुण जोडपी घरावरून नजर काढत नव्हती. पॉपही आला, ठेवणीतला सूट आणि हॅट घालून, आणि मागे उभा राहिला.

"चला, सुरुवात कोण करतंय?" डेमियनने विचारलं.

कुणी तोंड उघडेना. सगळे एकमेकांचे बूट बघत राहिले.

मग मागून पॉपचा हात वर गेला.

रोवीनाला भरून आलं. म्हातारा आपल्यासाठी बोली चढवायला उभा राहिलाय. आपण एवढं सगळं करूनही. या माणसाला आपण काय काय बोललो.

"वा, हॅटवाले आजोबा," डेमियन म्हणाला. "किती म्हणता?"

"बोली नाही, बाबा." पॉपने हॅट काढून छातीशी धरली. "चूक माझी आहे, म्हणून मीच सांगतो. या घराला वाळवी लागलीय. खांबांपर्यंत गेलीय. आमच्या सुनेनं स्वतः सांगितलं मला."