सुमीच्या बाई

निवृत्त खैरनार बाई धडगावच्या बाजारात मेथी घेत होत्या. तेवढ्यात एक मुलगी धावत येऊन त्यांच्या पाया पडली.

"बाई, दहावी पास झाले! आई गेली तेव्हा तुम्ही रोज समजूत काढलीत, म्हणून शाळा सुटली नाही माझी."

बाईंनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. निवृत्त होताना त्यांनी आपला चेहरा आणि आवाज शिकवणाऱ्या यंत्राला दिला होता. आता पाड्यापाड्यांवरच्या पडद्यांवरून तेच शिकवत होतं.

"नाव काय गं तुझं?"

मुलीचा चेहरा उतरला. "सुमी म्हणायचात ना मला?"

बाईंनी घाईघाईने तिचा हात धरला. "सुमी, आईबद्दल सांग ना मला."

"सगळं सांगून झालंय, बाई," ती पुटपुटली आणि तिने हळूच हात सोडवून घेतला.