नायिकेची उडी

सहलीच्या गाडीत डोकी मोजली, तर एक कमी भरलं.

वांद्र्याच्या किल्ल्यावर गाइड शर्वरी पर्यटकांना रोज सांगायची, "ह्याच भिंतीवरून सिनेमातल्या नायिकेनं समुद्रात उडी टाकली." सगळी थाप, पण लोक फोटो काढायचे. आज एकट्याच आलेल्या बाईंनी हळूच विचारलं होतं, "नेमकी कुठून?" शर्वरीनं हौसेनं जागा दाखवली होती.

गाडीत त्याच बाई नव्हत्या. शर्वरी किल्ल्याकडं पळत सुटली.

बाई भिंतीवर उभ्या होत्या. चपला खाली जोडून ठेवलेल्या.

"ताई, ते खोटं होतं," शर्वरी कशीबशी म्हणाली. "तिनं उडी मारलीच नाही."

बाईंनी मागं पाहिलं. "मग काय केलं तिनं?"

शर्वरीनं हात पुढे केला. "गाडीत येऊन बसली. माझ्या शेजारी."

बाईंनी चपलांकडं पाहिलं.