तात्यांच्या वाटचं

"पाज, सगळं तिलाच पाज!" खिडकीजवळच्या खाटेवरून तात्या करवादले.

माई परसातल्या केळीच्या बुंध्याशी भाजी उकळलेलं पाणी ओतत होत्या. तात्यांच्या किडन्या बिघडल्यापासून हाच नेम होता. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरवायचं, ते पाणी टाकायचं आणि उरलेला चोथा तात्यांना वाढायचा. शहाळं बंद, टोमॅटो बंद आणि केळं तर औषधालाही नाही.

केळ मात्र त्यांच्या वाटचं पिऊन माजली होती. पिकत आलेल्या घडाचा वास थेट खाटेपर्यंत यायचा.

"मुद्दाम वेडावते मला. तोडून टाक तिला!"

"घड उतरवला की तोडायचीच असते," माई म्हणाल्या. "केळ एकदाच विते."

तात्यांनी खिडकीतून केळीकडे पाहिलं.

दुपारी माईंनी ताटाऐवजी त्याच केळीचं पान मांडलं. वाफाळता भात पडताच पानाचा हिरवा, गोडसर वास सुटला. तात्यांनी डोळे मिटले आणि तोच चोथा पहिल्यांदाच चवीनं खाल्ला.

"घड उद्या उतरवते," पान उचलताना माई म्हणाल्या.

"राहू दे."

"अहो, वटवाघळं खातील!"

"खाऊ देत," तात्या म्हणाले. "तिला तोडू नकोस. उद्याही पान लागेल मला."