एकट्याची फुगडी

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात टचडाउन केलं की निनाद चेंडू गवतावर ठेवायचा, हातांची फुली करून पुढे धरायचा आणि मागे झुकून एकटाच गरगर फुगडी घालायचा. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचे प्रेक्षक खूश व्हायचे, लीग मात्र 'आनंदाचा अतिरेक' म्हणून दर वेळी दंड ठोकायची. क्लबचा मॅनेजर श्टेफान भलताच हुशार. जेवढा दंड, तेवढीच देणगी मुलांच्या कॅन्सर वॉर्डला, असं त्याने जाहीर करून टाकलं. पेपरात फोटो झळकले. त्यातला चेकचा फलक एवढा मोठा होता, की मागे उभी केलेली मुलं दिसतच नव्हती.

सामने स्थानिक टीव्हीवर नेहमीच दिसायचे; या रविवारी तर देशभरच्या वाहिनीचे कॅमेरेही आले होते. निनादने टचडाउन केलं, चेंडू गवतावर ठेवला आणि मान खाली घालून तो सरळ बाहेर चालू लागला. टाळ्यांचा ठेका धरलेले प्रेक्षक गोंधळून थांबले.

श्टेफान धावत आला. "अरे, कॅमेरे लागलेत! दंडच झाला नाही तर देणगी कसली देऊ? त्या मुलांचा तरी विचार कर!"

"फुगडी एकट्याने नाही घालत."

"आजवर एकटाच तर घालत होतास!"

निनादने हेल्मेट काढलं.

"नाही. माझ्या शेजारची इरा त्याच वॉर्डात होती. तुझ्या त्या चेकच्या मागे उभी होती बघ. मी हात पुढे केले, की ती तिकडे टीव्हीसमोर उभी राहून माझे हात धरायची. गुरुवारपर्यंत."