शाल आणि श्रीफळ

कुवेतच्या रुमैथिया भागातल्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा ‘आपली माती, आपला वारसा’ कार्यक्रम होता. मुरूडचा इब्राहिम सिद्दी इस्त्रीचा शर्ट घालून कोळीगीतं ऐकायला आला. त्याचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून कोकणात आले आणि कोकणचेच झाले. काळा रंग आणि कुरळे केस तेवढे त्याच्यापर्यंत पोचले. इथं एसी दुरुस्त करणाऱ्या एकट्या लेकाला आईनंच फोनवर सांगितलं होतं, “जरा आपल्या माणसांत जाऊन बस.”

दारात स्वागताला उभ्या असलेल्या मंडळाच्या सुचित्राताईंनी त्याला हातानंच अडवलं. “भैया, ड्रायव्हर लोग बाहर बैठेंगे.”

“ताई, मी ड्रायव्हर नाय. मराठीच हाय, मुरूडचा.”

“अगं बाई, किती गोड बोलतो हा!” सुचित्राताईंनी त्याला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. लोकांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले. तो प्रत्येकाला मुरूड सांगत राहिला आणि प्रत्येक जण “वा, वा!” करत राहिला. मध्यंतरात अध्यक्षांनी त्याला स्टेजवर बोलावलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि जाहीर केलं, “आपली भाषा शिकलेल्या या परदेशी पाहुण्याचा सत्कार!”

इब्राहिमनं काकुळतीला येऊन माइक धरला. “अवो, मी परदेशी नाय! माज्या आज्या-पणज्याच्या कबरी मुरूडलाच हायेत!”



टाळ्यांनी हॉल दणाणला. मागून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!”