गुरुवारच्या आत

"कधी गेली?" सार्जंट म्वाम्बानं वहीवर बसलेली माशी हाकलत विचारलं.

"काल रात्री. फार तर आज पहाटे," झाकेयो सकाला म्हणाला. "काल संध्याकाळपर्यंत होती, हे मी छातीठोक सांगतो."

"तुम्ही पाहिलीत?"

झाकेयो चपापला. बाकावर त्याच्या शेजारी बसलेली त्याची बायको दायलेसी खाली मान घालून कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या कापडाचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"पाहीन कसा, साहेब? मुलगी वयात आली होती. मागच्या शुक्रवारपासून झोपडीत बसवली होती. तिथे आमच्यात पुरुषाची सावलीही पडत नाही."

"मग काल होती कशावरून?"

"रोज संध्याकाळी बायांची गाणी ऐकू यायची. ही दोन्ही वेळा मक्याच्या नशिमाचं ताट आत न्यायची, रिकामं बाहेर आणायची. मी काय बहिरा-आंधळा आहे?"

"तुम्ही पूर्वेकडचे लोक खायच्या उंदरांची शेतातली बिळं बरोबर ध्यानात ठेवता," सार्जंट हसला, "आणि घरातली मुलगी हरवता!"

"आणि तुम्ही बेम्बा लोक माकडं खाऊन झाडावरच बसता. लिहा आता!" पूर्वेकडच्या चेवांची बेम्बांशी ही थट्टा जुनीच होती, पण आज झाकेयोला ती गोड लागली नाही.

लिहिण्यासारखं फार नव्हतंच. तमांडा, वय पंधरा. झाकेयोच्या बहिणीची मुलगी. बहीण तीन वर्षांपूर्वी वारली, आणि चेवांच्या रीतीप्रमाणे पोरीची जबाबदारी मामावर आली. मामानं ती चोख पार पाडली, असं मामाचं म्हणणं. आज शुक्रवार, मुलगी झोपडीतून बाहेर यायचा दिवस. अंगणात नाच होता, चाळीस माणसांची मक्याची बिअर तयार होती. ट्रॅक्टरवाला लुंगू, वय पन्नासच्या पुढे, नवा कोट घालून मुलगी न्यायला आला होता. त्याच्या दोन गायी आधीच झाकेयोच्या गोठ्यात होत्या. आणि ऐन वेळी झोपडी रिकामी निघाली. पहिली किंकाळी दायलेसीचीच होती.

लुंगूचं नाव काही झाकेयोनं सार्जंटला सांगितलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाबद्दल पोलीस चौकीत बोलू नये, एवढी अक्कल त्याला होती.

"अठराच्या आतलं मूल पालकाला न विचारता घर सोडू शकत नाही," सार्जंट म्हणाला. "सापडली की उचलून तुमच्या दारात आणून सोडू."

"आणि तिला पळवणारा?"

"आत जाईल. पालकाच्या घरातून मूल नेऊन लपवणं हा गुन्हा आहे."

"बाई असली तरी?" दायलेसीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"बाईसाठी काय तुरुंगात वेगळी गादी घालतात?"

दायलेसीच्या कपाळावर घाम आला. झाकेयो तिच्यावर खेकसला, "तू गप गं! तुझं लक्ष असतं तर ही वेळ आली असती का? झोपडीपाशी निजायचं कुणी होतं?"

"मी होते," ती म्हणाली.

"राहू द्या हो," सार्जंट म्हणाला. "बाई, एकच सुटका असते. नेणाऱ्यानं मूल त्याच दिवशी समाजकल्याणच्या माणसाकडे नेऊन, नाव नोंदवून ताब्यात दिलं, तर त्याला कुणी पळवणं म्हणत नाही."

झाकेयो पुढे सरकला. "आणि समाजकल्याणवाल्यांनी पोरगी ठेवून घेतली तर?"

"त्यांना कोर्टाचा कागद लागतो. तो होण्याआधी तुम्ही पोचलात, तर मामा म्हणून हात धरून घेऊन या. एकदा कागद झाला, की मग तुम्ही कोर्टाच्या पायरीवर बसायचं, वर्ष, दोन वर्षं."

"कागद कधी होतो?"

"इथलं कोर्ट मुलांची प्रकरणं फक्त गुरुवारी ऐकतं. काल गुरुवार झाला. तुमची मुलगी काल रात्री गेली म्हणता, म्हणजे पुढच्या गुरुवारपर्यंत आपल्याला सबंध आठवडा आहे. आजपासूनच लुसाकाच्या बसगाड्या तपासायला सांगतो. गुरुवारच्या आत पोरगी घरात!"

दायलेसीनं डोळे मिटून लांब श्वास सोडला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. सार्जंटला तिची दया आली. "पाणी द्या रे मामीला," तो म्हणाला. "मामा नुसता ओरडतो. काळजी खरी हिलाच."

तिनं पेलाभर पाणी एका दमात पिऊन टाकलं.

घरी आल्याआल्या झाकेयोनं लुंगूला कोटासकट मोटारसायकलवर बसवलं आणि दोघं बसगाड्यांच्या मागे सुटले. पाहुणे बिअर टाकून जायला तयार नव्हते. दायलेसी त्यांच्यातून वाट काढत परसात गेली. झोपडीत बसवलेल्या मुलींना रीतभात शिकवणारी म्हातारी लोनिया तिथे शेंगा सोलत बसली होती.

"काय म्हणाला पोलीस?"

"गुरुवारच्या आत आणतो म्हणाला."

"कुठल्या गुरुवारच्या?"

"पुढच्या."

म्हातारीनं चितेंगेच्या टोकात तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत राहिले. दायलेसीलाही हसू आवरेना आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी तिनं कमरेच्या गाठीतून फोन काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि समाजकल्याणच्या बाईंचा निरोप म्हातारीला हळू आवाजात वाचून दाखवला.

"मामी, काल कोर्टानं तमांडाचा कागद दिला, आता तिला कुणी नेऊ शकत नाही. शनिवारी तुम्ही तिला माझ्याकडे आणून सोडलंत, तेव्हापासून पोरगी नीट जेवत नव्हती. काल रात्री पोटभर जेवली."