हाडं सांधणारा मंत्र

चाळीस दिवस डोंगर तुडवून भिवरा मंत्रांच्या उगमाशी पोचली, तर तिथली राखणदार म्हातारी निवांत भाकरी खात बसलेली. भिवरा भडकलीच.

“आजी, माझ्या मंत्राने मोडलेलं हाड क्षणात सांधलं जायचं. आता महिना लागतो! यंदा माझ्या धाकट्या जावेचा पाय वाकडाच राहिला. जादू का आटतेय?”

“हा मंत्र किती जणांना येतो?”

“आता एकट्या मला. माहेरची जाणती माणसं एकेक करून गेली. तीच जाऊ ‘मला शिकव’ म्हणून मागे लागली होती. पण माहेरची विद्या सासरी कशी वाटू?”

“म्हणून आटतेय. जितक्या तोंडी मंत्र, तितकंच त्याचं बळ.”

“एवढंच? हे ऐकायला मी पायांची चाळण केली?” भिवराने काठी आपटली. म्हातारीवर चिडावं की स्वतःवर, तिला कळेना. जावेने दोनदा पदर पसरून विचारलं होतं.

शेवटी ती म्हातारीसमोर बसली आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला ऐकू जाईल असा मंत्र म्हणाली. म्हातारीने तो अडखळत म्हटला.

“चुकलं,” भिवरा डोळे पुसत खेकसली. “पुन्हा म्हणा, नीट. मला आजच खाली उतरायचंय.”